कोडिंगचा तास वर्गशिक्षकाकडेच हवा

तिसरीपासूनच्या मुलांना संगणकीय विचारपद्धती आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांची ओळख २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून करून देण्यात येईल, असे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कोडिंगचे उपक्रम मधल्या टप्प्यात, म्हणजे सहावीपासून, सुरू करावेत असे म्हटले होते आणि त्याआधीच्या वर्गांत कोडी व खेळ यांच्या आधारे मुलांना तर्काची गोडी लावावी असे सुचवले होते. आता ही सुरुवात तीन इयत्ता खाली आली आहे. बडोद्यातील अनेक खाजगी शाळांनी आणि क्लासवाल्यांनी सरकारी निर्णयाची वाट पाहिलेलीच नव्हती. अलकापुरी, गोत्री, वासणा रोड या भागांत पहिली-दुसरीच्या मुलांसाठीही कोडिंगच्या शिकवण्यांचे फलक दिसतात आणि शाळांच्या माहितीपत्रकांत स्केटिंग व पोहणे यांच्या शेजारी कोडिंग छापलेले असते. वाडी, बाबाजीपुरा, दांडिया बाजार या जुन्या वस्त्यांतून महापालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळांत जाणाऱ्या मुलांच्या वाट्याला यातले काय येणार, कोणाच्या हातून येणार आणि कोणत्या भाषेत येणार, हा प्रश्न मात्र अजून नीट विचारलाच गेलेला नाही.

माझे मत असे आहे की पडद्यावरचे ब्लॉक जोडून आज्ञावली, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची मालिका, तयार करण्याचे शिक्षण प्राथमिक शाळेत अवश्य द्यावे, ते महापालिकेच्या शाळांतही द्यावे, आणि ते देणारी व्यक्ती त्या वर्गाला रोज गणित व भाषा शिकवणारी शिक्षिका किंवा शिक्षकच असावी. बाहेरच्या कंपनीने पाठवलेला, आठवड्यातून एकदा येणारा, मुलांची नावेही ठाऊक नसलेला प्रशिक्षक हे काम करू शकत नाही, मग त्याला संगणकाचे ज्ञान कितीही असो. हा शिक्षकांच्या मानापानाचा प्रश्न नाही. या साधनापासून मुलाला लाभ होतो तो नेमका कोणत्या क्षणी होतो, हे पाहिले की त्या क्षणी मुलाजवळ कोणी असायला हवे, हेही आपोआप ठरते.

मुलांनी संगणकाला आज्ञा द्याव्यात ही कल्पना बरीच जुनी आहे. १९६७ मध्ये अमेरिकेतील केंब्रिज येथे वॉली फॉइरझाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली. पॅपर्ट हे मूळचे गणितज्ञ होते आणि जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ ज्यां पियाजे यांच्याबरोबर त्यांनी काम केले होते. मूल ज्ञान आयते घेत नाही, ते स्वतः रचते, हा पियाजे यांचा विचार त्यांनी संगणकापर्यंत आणला. लोगोमधील कासवाला, म्हणजे आज्ञेप्रमाणे हलणाऱ्या एका खुणेला, 'इतके पुढे जा', 'इतके वळ' अशा आज्ञा दिल्या की त्याच्या मागे रेघ उमटे आणि आकृती तयार होई. अडचण अशी होती की आज्ञा अक्षर अक्षर टंकावी लागे आणि एखादे अक्षर किंवा मधली मोकळी जागा चुकली की यंत्र अडून बसे. २००७ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या मीडिया लॅबमधील मिचेल रेझ्निक यांच्या गटाने स्क्रॅच हे मुलांसाठीचे साधन लोकांसमोर ठेवले, तेव्हा ही अडचण दूर झाली. त्यात प्रत्येक आज्ञा एका रंगीत ब्लॉकच्या रूपात असते आणि आकार जुळत असेल तरच एक ब्लॉक दुसऱ्यात बसतो. साहजिकच लिहिण्याच्या चुका होतच नाहीत आणि उरतात त्या फक्त विचाराच्या चुका. ब्लॉक हे खरे कोडिंग नव्हे, असे म्हणणाऱ्या अभियंत्या पालकांनी या गोष्टीकडे लक्ष द्यावे. आठ वर्षांच्या मुलाचा वेळ लिहिताना राहून गेलेला अर्धविराम शोधण्यात जात नाही, म्हणूनच तो स्वतःच्या विचारातील दोष शोधण्यात जाऊ शकतो.

हे शोधणे कसे घडते, ते एका उदाहरणाने सांगते. चौकोन काढण्यासाठी 'शंभर पावले पुढे जा, नव्वद अंशांत वळ' हे दोन ब्लॉक 'चार वेळा पुन्हा कर' या ब्लॉकच्या आत ठेवावे लागतात, आणि पाचवीतील मुलांना ते लवकर जमते. मग त्यांना समभुज त्रिकोण काढायला सांगावा. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन साठ अंशांचा असतो, हे ज्यांना ठाऊक असते ती मुले मोठ्या विश्वासाने साठ अंश आणि तीन वेळा असे ब्लॉक लावतात. पडद्यावर त्रिकोण येत नाही. तीन बाजूंची एक उघडी, पसरट आकृती उमटते. मुलांची पहिली समजूत अशी की यंत्र बिघडले. दुसरी समजूत अशी की पावले कमी पडली, म्हणून ती शंभराची दोनशे करतात आणि तीच उघडी आकृती दुपटीने मोठी होते. या ठिकाणी जी शिक्षिका उत्तर सांगून टाकते, ती मुलांच्या हातातली गोष्ट काढून घेते. जी त्यांना व्हरांड्यात नेऊन फरशीवर खडूने त्रिकोण आखते आणि एकाला त्यावरून चालायला लावते, तिच्या वर्गाला काही वेळाने दिसते की कोपऱ्यावर पोहोचलेल्या मुलाचे तोंड सरळ पुढे असते आणि पुढच्या बाजूकडे वळायला त्याला साठाहून कितीतरी जास्त फिरावे लागते. त्रिकोणाच्या आतला कोन साठाचा असला तरी चालणाऱ्याचे वळण एकशेवीसाचे आहे. मग कोणीतरी मूल तीन गुणिले एकशेवीस आणि चार गुणिले नव्वद यांचा गुणाकार करते, दोन्हीकडे तीनशेसाठ येतात, आणि पहिली चुकीची आज्ञावली तीनऐवजी सहा वेळा चालवली तर तिच्यातून बंद षट्कोन निघतो, हेही कळते. चुकलेली आज्ञावली अशा रीतीने एका वेगळ्या प्रश्नाचे बरोबर उत्तर ठरते. फळ्यावर बाह्य कोनांची बेरीज शिकवताना मी अनेक वर्षे जे सांगत आले, ते मुलांच्या इतके आतपर्यंत पोहोचल्याचे मला क्वचितच दिसले होते.

दुसरे उदाहरण खेळ तयार करण्याचे आहे, कारण मुलांना आकृत्यांपेक्षा खेळ हवे असतात आणि त्यात गैर काही नाही. स्क्रॅचमधले नेहमीचे पात्र असलेल्या मांजराने सफरचंदाला स्पर्श केला की एक गुण वाढावा, एवढेच साधायचे असते. मूल 'जर सफरचंदाला स्पर्श झाला, तर गुण एकने वाढव' असा ब्लॉक बनवते आणि आज्ञावली सुरू करणाऱ्या हिरव्या झेंड्याखाली लावते. झेंडा दाबला जातो, मांजर सफरचंदावर जाऊन पोहोचते आणि गुण शून्यच राहतो. 'बाई, मी सांगितलंय त्याला, पण तो ऐकतच नाही,' ही तक्रार जवळजवळ ठरलेली. सांगितले आहे हे खरेच. पण यंत्राने स्पर्श झाला की नाही हे फक्त एकदा, झेंडा दाबला त्या क्षणी तपासले आणि तेव्हा मांजर दूर होते. 'तू त्याला कधी बघायला सांगितलंस?' एवढा एकच प्रश्न त्या वेळी पुरेसा असतो. बहुतेक मुले थोडा वेळ गप्प राहतात, मग 'सारखं सारखं बघायला पाहिजे' असे म्हणतात आणि तो ब्लॉक 'कायम करत राहा' या ब्लॉकच्या पोटात नेऊन ठेवतात. आता गुण वाढतात, पण एका स्पर्शात एकाऐवजी धडाधड वाढत जातात, आणि प्रश्न पुन्हा उभा राहतो. आपण जे बोललो आणि आपल्याला जे अभिप्रेत होते, त्यांतले अंतर मोजण्याची ही कसरत आहे. माणसांशी बोलताना ऐकणारा ते अंतर स्वतः भरून काढतो. यंत्र काहीच भरून काढत नाही, म्हणून मुलाला ते अंतर दिसते.

या दोन्ही प्रसंगांत शिकणे घडले ते आज्ञावली चालली तेव्हा घडले नाही, ती फसल्यानंतरच्या काही मिनिटांत घडले. त्या मिनिटांत मूल चिडते, शेजाऱ्याचे पाहून ब्लॉक उतरवून काढते, किंवा सगळे पुसून नवे चित्र रंगवायला घेते. कोणत्या मुलाला थोडे अधिक झगडू द्यायचे, कोणाला लगेच आधार द्यायचा, कोण 'समजलं' म्हणते पण समजलेले नसते, हे ओळखायला त्या मुलाचा रोजचा सहवास लागतो. गुणाकारात कच्चा असलेला कोण आणि वाचताना अडखळणारी कोण, हे वर्गशिक्षिकेला ठाऊक असते. पाहुण्या प्रशिक्षकाला ते ठाऊक असण्याची शक्यताच नसते. शिवाय बडोद्यातील मराठी मूल घरी एक भाषा बोलते, गल्लीत दुसरी बोलते आणि पुष्कळदा शाळेत तिसरी वाचते. त्याच्या मनातला गोंधळ ज्या मिश्र बोलीत बाहेर पडतो, ती बोली वर्गातल्या बाईंना कळते.

बाहेरून येणाऱ्या योजनांचे स्वरूप मी शाळांतून पाहिले आहे आणि त्याविषयी मला मनापासून खेद वाटतो. गुळगुळीत कागदाचे पुस्तक येते, त्यात तयार आज्ञावलीचे चित्र असते, मुलांनी ते पाहून तसेच ब्लॉक लावायचे असतात, आणि तास संपतो तेव्हा सगळ्यांच्या पडद्यावर एकच मांजर एकाच चालीने चालत असते. कोणाचे चुकत नाही, कारण चुकायला जागाच ठेवलेली नसते. मग परीक्षेत 'हालचालीचे ब्लॉक कोणत्या रंगाचे असतात?' असा प्रश्न येतो, वार्षिक समारंभात मोठ्या पडद्यावर ती मांजर दाखवली जाते आणि पालकांना प्रमाणपत्र मिळते. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात एका मोठ्या शिकवणी कंपनीने लहान वयात कोडिंग शिकून कोट्यवधी मिळवणाऱ्या मुलाच्या जाहिराती केल्या होत्या. तो मुलगा काल्पनिक होता आणि भारतीय जाहिरात मानक परिषदेने त्या कंपनीला काही जाहिराती मागे घ्यायला लावल्या. त्या जाहिराती गेल्या तरी त्यांनी पालकांच्या मनात घातलेली भीती गेली नाही. आपले मूल मागे पडेल या भीतीपोटी महिन्याला काही हजार रुपये भरणारे मध्यमवर्गीय मराठी कुटुंब मला दर मोहल्ल्यात भेटते, आणि तेवढे पैसे नसणारे कुटुंब तीच भीती मुकाट्याने मनात ठेवते.

कोडिंगचे समर्थक जे दावे करतात त्यांतील पुष्कळसे अतिशयोक्त आहेत, हेही येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. कोडिंग शिकले की सर्व विषयांतील बुद्धी तल्लख होते, असा प्रचार लोगोच्या काळापासून चालत आला आहे. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमधील रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात हा दावा तपासला. वर्षभर लोगो शिकलेली मुले आणि न शिकलेली मुले यांना वर्गातील कामे कमीत कमी फेऱ्यांत कशी उरकता येतील याची योजना करायला त्यांनी सांगितले, आणि लोगो शिकलेली मुले त्यात सरस ठरली नाहीत. या निष्कर्षाने तेव्हा बरीच खळबळ उडाली. मात्र त्या वर्गांत मुलांना बहुतांशी स्वतःच शोधत बसण्यासाठी सोडलेले होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. काही वर्षांनी, १९८८ मध्ये, पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील डेव्हिड क्लार आणि शॅरन कार्व्हर यांनी वेगळा मार्ग घेतला. आज्ञावलीतील चूक कशी शोधायची, म्हणजे अपेक्षित काय होते, प्रत्यक्षात काय झाले, फरक कोणत्या प्रकारचा आहे, तो कोठून आला असावा, ही पद्धत त्यांनी मुलांना पायरीपायरीने शिकवली. मग संगणकाशी संबंध नसलेल्या लेखी सूचनांतील चुका शोधण्याचे काम दिले, तेव्हा मुलांनी ती पद्धत तेथेही वापरलेली दिसली.

या दोन अभ्यासांतला फरक माझ्या मते या साऱ्या वादाचे मर्म आहे. मुलाला संगणकासमोर बसवल्याने लाभ होत नाही आणि आपोआप शोध लागेल या विश्वासावर सोडून दिल्यानेही तो फारसा होत नाही. चूक शोधण्याची रीत कोणीतरी जाणीवपूर्वक शिकवली, तिचा सराव करून घेतला आणि ती दुसऱ्या विषयात कोठे लागू पडते हे दाखवून दिले, तर तो होतो. ते दाखवून देणे गणिताचा तास, मराठीचा तास आणि संगणकाचा तास हे तिन्ही ज्याच्या हातात आहेत त्यालाच साधेल. भागाकाराच्या मांडणीत एक हातचा विसरलेल्या मुलाला 'मांजराच्या वेळी आपण काय केलं होतं? एकेक पायरी करून पाहिली होती ना?' असे विचारणारी व्यक्ती दोन्ही ठिकाणी हजर असली पाहिजे.

सर्वांत गंभीर आक्षेप वाचनाचा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ग्रामीण भारतातील मुलांच्या वाचनाची पाहणी करणारे 'असर'चे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की पाचवीतील निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीच्या पुस्तकातला मजकूर सफाईने वाचता येत नाही. ही आकडेवारी खेड्यांची आहे, पण शहरातल्या महापालिका शाळेत शिकवलेल्या कोणालाही ती अपरिचित वाटणार नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला कोडिंग कसले शिकवता, असे जेव्हा एखादे अनुभवी मुख्याध्यापक विचारतात, तेव्हा त्यांच्या प्रश्नामागे कळकळ असते. माझे उत्तर असे की वाचनाच्या तासाला हात लावायचा नाही, ही अट कोडिंगच्या प्रत्येक योजनेत लिहूनच ठेवावी. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी चित्रांच्या ब्लॉकचे स्क्रॅच ज्युनिअर २०१४ पासून उपलब्ध आहे आणि त्याला वाचावे लागत नाही. तरीही आपल्या शाळांतील पहिली-दुसरीच्या मुलांना पडद्यासमोर बसवण्याची मला काहीच गरज दिसत नाही. त्या दोन वर्षांत वाचन आणि संख्याज्ञान पक्के व्हावे. त्यानंतर मात्र ब्लॉकवरील लहान लहान आज्ञा हा वाचनाचाच एक चांगला मजकूर होतो, कारण तो वाचून लगेच काहीतरी घडताना दिसते आणि चुकीचे वाचले तर तेही लगेच दिसते. वाचनात मागे असलेल्या मुलाला या तासातून वगळून जादा वाचनाला बसवण्याची पद्धत काही ठिकाणी सुरू होईल अशी मला धास्ती वाटते. तसे करू नये.

आता यंत्रच माणसाच्या साध्या बोलण्यावरून आज्ञावली लिहून देते, मग मुलांनी ती का शिकावी, असा आक्षेप अलीकडे ऐकू येतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना नोकरीसाठी शिकवायचे असते, तर हा आक्षेप बिनतोड ठरला असता. परंतु यंत्राने दिलेले उत्तर आपण मागितले तेच आहे की नाही, हे पारखण्याची गरज यापुढे प्रत्येकालाच लागणार आहे, आणि ती पारख स्वतः चार आज्ञा रचून त्या फसलेल्या पाहिल्याशिवाय येणे अवघड आहे.

बडोद्यात राहून हा विषय लिहिताना या शहराचा शैक्षणिक इतिहास आठवल्याशिवाय राहत नाही, आणि तो केवळ अभिमानासाठी आठवावा असे मला वाटत नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू केले. ब्रिटिश हिंदुस्थानात असा कायदा व्हावा म्हणून गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये विधेयक आणले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यासमोर होते. त्याही आधी, १८९० मध्ये, त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या पुढाकाराने येथे कलाभवन सुरू झाले. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम अशा विद्या तेथे कारागिरांच्या मुलांना शिकवल्या जात; दादासाहेब फाळके यांचेही काही शिक्षण याच कलाभवनात झाले. गज्जर यांचा आग्रह असा होता की तांत्रिक ज्ञान देशी भाषांतून दिले पाहिजे, आणि त्यासाठी तशी पुस्तके तयार करवून घेण्याचे काम संस्थानाने खर्च सोसून हाती घेतले. म्हणजे नवे तंत्र आले, तेव्हा या शहराने दोन गोष्टी केल्या: ते सर्वांपर्यंत नेण्याची जबाबदारी शासनाने घेतली, आणि ते लोकांच्या भाषेत आणण्याचे कष्ट कोणीतरी घेतले.

कोडिंगच्या बाबतीत आज या दोन्ही गोष्टी होताना दिसत नाहीत. स्क्रॅच विनामूल्य आहे, इंटरनेट नसतानाही चालणारी त्याची आवृत्ती आहे, ब्लॉकवरची भाषा बदलण्याची त्यात सोय आहे आणि भाषा बदलली तरी आज्ञावली तशीच राहते. ती भाषांतरे जगभरचे स्वयंसेवक करतात. परंतु मुलाच्या हातातील साधन विनामूल्य असले, तरी शिक्षिकेच्या हातात देण्यासारखे मराठी किंवा गुजराती हस्तपुस्तक असल्याशिवाय ती वर्गात उभी राहू शकत नाही. त्यात मुले कोठे हमखास चुकतात, त्या चुकीमागे कोणती समजूत असते आणि कोणता प्रश्न विचारला असता ती बाहेर येते, हे लिहिलेले हवे. ब्लॉकच्या रंगांची यादी त्यात नसली तरी चालेल. महाराजा सयाजीराव विद्यापीठात अभियांत्रिकीची विद्याशाखा आहे, जिची मुळे कलाभवनात आहेत. तेथे शिक्षणशास्त्राची विद्याशाखा आहे आणि मराठी व गुजराती हे विभागही आहेत. या सर्वांनी महापालिका शाळांतील काही शिक्षकांना बरोबर घेऊन असे पुस्तक एका वर्षात तयार करणे अशक्य नाही.

अभ्यासक्रम ठरवताना गणिताच्या पुस्तकाशी त्याचा मेळ घालणे आवश्यक आहे, कारण स्क्रॅचमध्ये वयाच्या पुढची गणिते दडलेली आहेत आणि त्यांकडे फारसे कोणी पाहत नाही. त्यातील रंगमंच ४८० बाय ३६० एककांचा असून त्याचा मध्य शून्य, शून्य असतो. मांजराला डाव्या कोपऱ्यात खाली नेऊन ठेवायचे म्हटले की त्याची जागा दाखवणाऱ्या दोन्ही संख्या ऋण होतात. ऋण संख्या आपल्या अभ्यासक्रमात सहावीच्या आसपास येतात आणि निर्देशक भूमिती नववीत येते. तिसरीच्या मुलाला या संख्या पाठ करायला लावल्या की तो त्या मंत्रासारख्या लिहितो. म्हणून मला असे सुचवावेसे वाटते की तिसरीत यंत्र वापरूच नये. चौकटीच्या वहीवर बाणांनी रस्ता लिहिणे, ठिपक्यांची रांगोळी दुसऱ्याला न दाखवता फक्त सूचना देऊन काढवून घेणे, तीन टाळ्यांच्या गरब्याचे एक आवर्तन शब्दांत लिहून दुसऱ्या गटाला ते वाचून नाचायला सांगणे, यांत क्रम, पुनरावृत्ती आणि चूक शोधणे या तिन्ही गोष्टी येतात, आणि गरब्याची पावले लिहून काढताना मुलांना किती गोष्टी गृहीत धरल्या होत्या याचा जो शोध लागतो तो पडद्यावरच्या कोणत्याही शोधाइतकाच मोलाचा असतो. चौथीत संगणक यावा, पण पाव वळण आणि अर्धे वळण एवढ्यावरच चौकोन, आयत, पायऱ्या यांची चित्रे काढावीत. त्रिकोण, कोनांचे अंश आणि 'जर-तर'चे खेळ पाचवीसाठी ठेवावेत. पंधरवड्यातून एक जोडतास पुरे आहे, आणि तो गणिताच्या वेळापत्रकातूनच घ्यावा.

संगणक कमी आहेत ही सबब येथे लंगडी ठरते. एका यंत्रावर दोन मुलांनी बसणे हे या वयात अधिक चांगले असते, कारण मग त्यांना आपला विचार मोठ्याने बोलावा लागतो. आणि अर्धा वर्ग यंत्रावर असताना उरलेल्या अर्ध्याने पुढची आज्ञावली वहीत लिहून, ती चालवल्यावर काय होईल याचा अंदाज नोंदवावा. अंदाज आधी लिहून ठेवणे मी फार महत्त्वाचे मानते. तो लिहिलेला नसला, तर आलेले कोणतेही उत्तर मुलाला आपल्याला हवे होते तेच वाटू लागते. लहान मुलांना स्क्रॅचच्या संकेतस्थळावर खाती उघडायला लावू नयेत. शाळेतील संगणकावर केलेले काम तेथेच साठवावे.

शिक्षकांवर आधीच मतदार याद्या, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे अशा कामांचा बोजा आहे आणि त्यात हे नवे लचांड कशाला, असे ते म्हणतील. त्यांचे म्हणणे रास्त आहे. पी.टी.सी. हे प्राथमिक शिक्षकांचे प्रशिक्षण झालेल्या आणि आयुष्यात कधी आज्ञावली न लिहिलेल्या पन्नाशीच्या शिक्षिकेला दोन दिवसांच्या शिबिरात बसवून, तिच्या हातात सादरीकरणाच्या पानांची छापील प्रत देऊन वर्गात पाठवणे हा तिच्यावर अन्याय होईल. पण तिला संगणकतज्ज्ञ व्हायचे नाही. मुलांना येणाऱ्या अडचणी तिने स्वतः एकदा अनुभवलेल्या असाव्यात एवढेच पुरे आहे, आणि त्रिकोणाला साठ अंश लावून फसलेली शिक्षिका मुलांच्या पुढे बारा पायऱ्या असलेल्या अभियंत्यापेक्षा त्या मुलांच्या अधिक जवळ असते. यासाठी शिबिरापेक्षा चालू वर्षभराची सोबत उपयोगी पडेल: समितीच्या दर काही शाळांमागे एका शाळेत महिन्यातून एका शनिवारी शिक्षकांनी जमावे, आपापल्या वर्गातील न चाललेल्या आज्ञावल्या बरोबर आणाव्यात, मुलाने असे का केले असेल यावर बोलावे, आणि विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेतील एक-दोन विद्यार्थ्यांनी तेथे मदतीला बसावे. वर्गात जायचे ते शिक्षकांनीच. या शनिवारी त्यांना अन्य कोणतेही सरकारी काम लावू नये आणि ही बैठक त्यांच्या कामाच्या तासांत धरली जावी, असा ठराव शिक्षण समितीने जूनमध्ये सत्र सुरू होण्यापूर्वी करावा. पहिली दोन वर्षे या विषयाला गुण, श्रेणी किंवा प्रमाणपत्र ठेवू नये. प्रत्येक मुलाच्या वहीतला अंदाज, प्रत्यक्षात काय झाले आणि त्याने काय बदलले, या नोंदी शिक्षिकेने वाचाव्यात आणि पालकसभेत पालकांनाही वाचायला द्याव्यात.